उतारावरचे तुळजापूर : गल्ली, मजले आणि उंचीचे नियम

तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेच्या कडेवर वसले आहे आणि तुळजाभवानीचे मंदिर या कडेवरच्या खोलगट जागेत आहे. जेजुरी किंवा सप्तशृंगगडावर भाविक पायऱ्या चढून देवापर्यंत पोचतात. तुळजापुरात महाद्वारातून आत शिरल्यावर पायऱ्या उतराव्या लागतात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते, पुढे सरदार निंबाळकर दरवाजा ओलांडला की मंदिराचे आवार येते. बाजारपेठ, पुजाऱ्यांची घरे, लॉज, ओटीच्या सामानाची दुकाने हे सारे या खोलगट जागेच्या काठावर दाटीने उभे आहे. मंदिराभोवतीचा हा भाग नव्याने बांधायचा म्हटले की पहिला प्रश्न जमिनीच्या चढउताराचा येतो. नियमावली त्यानंतर उघडते.

देवळाच्या कळसाहून घर उंच बांधू नये, हा संकेत महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. सपाट जमिनीवरच्या गावात तो पाळणे सोपे होते, कारण कळस कुठूनही दिसायचा आणि कोणाचे घर त्याच्यावर गेले तर साऱ्या गावाला ते कळायचे. तुळजापुरात हा मापदंड चालत नाही. देऊळच खाली असल्यामुळे वरच्या रस्त्यालगतच्या साध्या दुमजली घराची गच्चीही शिखराच्या पातळीशी स्पर्धा करू शकते. इथे उंची मोजायची तर ती कोणत्या पातळीपासून, हे आधी ठरवावे लागते.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बांधकामाच्या नियमांत इमारतीची उंची साधारणपणे भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून किंवा लगतच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजली जाते. उतारावरच्या प्लॉटला वर एक गल्ली आणि खाली एक गल्ली असेल तर वरून दोन मजली दिसणारी इमारत खालून चार मजली असू शकते. मालक वरच्या गल्लीपासून मोजमाप धरायला उत्सुक असतो. अग्निशमन दलाची गाडी मात्र खालच्या गल्लीतूनच येणार असेल, तर माणसे वाचवण्याच्या दृष्टीने ती चार मजलीच इमारत ठरते. जिना, लिफ्ट आणि सुटकेचा मार्ग कोणत्या पातळीवर बाहेर पडतो, यावर तिची खरी उंची ठरते.

जुन्या गावठाणातले प्लॉट कसे आहेत, हेही पाहावे लागते. भाऊबंदकीतल्या वाटण्यांनी ते रुंदीला कमी आणि लांबीला जास्त झाले आहेत, कारण प्रत्येक वाटेकऱ्याला रस्त्याकडचे तोंड हवे असते. तुळजापुरात त्याला आणखी एक कारण जोडले गेले. इथे भोपे आणि पाळीकर पुजाऱ्यांची घरे हीच पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची उतरायची ठिकाणे. ठरावीक घराण्याचे भाविक ठरावीक पुजाऱ्याकडे येतात, तिथेच मुक्काम करतात, तिथूनच पूजेला जातात. त्यामुळे एकाच इमारतीत समोर परड्या, कवड्यांच्या माळा, हळदकुंकू आणि खणानारळाचे दुकान, मागे राहते घर आणि वर यात्रेकरूंच्या खोल्या असतात. कागदोपत्री अशी इमारत निवासी असते. नवरात्रात किंवा कोजागरी पौर्णिमेला मात्र तिचा वापर लॉजसारखा होतो आणि माणसांची संख्या घरापेक्षा कितीतरी जास्त असते. उंचीचा नियम कागदावरच्या वापरावर बेतलेला असतो, धोका प्रत्यक्ष वापरावर.

आता नियमावलीकडे. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यातल्या बहुतेक सर्व नियोजन प्राधिकरणांना डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तुळजापूरसह धाराशिव जिल्ह्यातल्या नगर परिषदाही तिच्याखाली येतात. या नियमावलीने कमाल उंचीचा आकडा दिला आहे आणि चर्चेत तोच सांगितला जातो. पण जुन्या गावठाणात त्या आकड्यापर्यंत कोणी पोचतच नाही. तिथे मजले ठरतात ते चटई क्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि रस्त्याची रुंदी या तिघांच्या गुणाकाराने. त्यातही शेवटचा शब्द रस्त्याचा.

चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचे प्रमाण. दाट वस्तीच्या भागात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ निर्देशांक १.५ आहे. जिने, मार्गिका, बाल्कनी अशा पूरक भागांसाठी निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत वाढीव क्षेत्र मिळते. रस्ता ९ मीटरच्या पुढे गेला की मूळ निर्देशांक वाढतो आणि अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क वापरून आणखी भर घालता येते. गल्ली ४.५ मीटरपेक्षाही अरुंद असेल तर गल्लीच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर सोडून बांधावे लागते, म्हणजे काळाच्या ओघात दोन्ही बाजूंची घरे नव्याने बांधली गेली की गल्ली आपोआप ४.५ मीटरची होईल, अशी अपेक्षा.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीन मीटरच्या गल्लीवर ५ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, म्हणजे १०० चौरस मीटरचा प्लॉट धरा. जुन्या गावठाणात असे माप अनोळखी नाही. मध्यरेषेपासून २.२५ मीटर सोडायचे म्हणजे समोरचे ७५ सेंटिमीटर गेले. मागे उजेड आणि हवेसाठी २ मीटर ठेवले, तर तळमजल्याला ५ बाय १७.२५, म्हणजे सुमारे ८६ चौरस मीटर जागा उरते. मूळ निर्देशांकाने १५० आणि पूरक क्षेत्र धरून २४० चौरस मीटर बांधता येतील. २४० ला ८६ ने भागले की पावणेतीनच्या आसपास येते. तळमजला आणि त्यावर फार तर दोन मजले धरले, तरी इमारत दहा-अकरा मीटरवर थांबली. कमाल उंचीची तरतूद कितीही उदार असली तरी तिचा या प्लॉटशी काही संबंध उरला नाही.

रस्त्याच्या रुंदीवर उंची बांधण्याची ही कल्पना जुनी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतीची उंची रस्त्याची रुंदी आणि समोरची मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपटीत ठेवण्याचा संकेत आहे. सहा मीटरचा रस्ता आणि एक मीटर मोकळी जागा धरली तर साडेदहा मीटर होतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरासाठी १९१० मध्ये झालेल्या कायद्याने व्यापारी रस्त्यांवर रस्त्याची रुंदी अधिक २० फूट असे सूत्र घातले. तेच सूत्र सहा मीटरच्या रस्त्याला लावले तर उंची सुमारे बारा मीटर येते. दोन खंडांतल्या दोन नियमांची उत्तरे इतकी जवळ यावीत, यात नवल नाही. रस्त्यावर ऊन पडावे, वारा खेळावा आणि आग लागली तर गाडीला जवळ येता यावे, या गरजा सगळीकडे सारख्याच आहेत.

आगीचा विचार १५ मीटरवर येऊन थांबतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ही उंच इमारत मानली जाते. तिथून पुढे अग्निशामक यंत्रणा, पाण्याची राखीव टाकी, दाबाखालच्या पाइपलाइन, सुटकेचे जिने आणि गाडी फिरण्याजोगी सुमारे सहा मीटरची मोकळी जागा असे सारे मागे लागते. ५ मीटर रुंदीच्या प्लॉटवर बाजूला सहा मीटर सोडणे अशक्यच. म्हणून गावठाणात १५ मीटरची रेषा ओलांडायची तर चार-सहा प्लॉट एकत्र करावे लागतात. एकत्रीकरणाला प्रत्येक मिळकत पत्रिकेवरच्या साऱ्या नावांची संमती लागते. त्यांतली काही माणसे पुण्याला, काही सोलापूरला, काही हयातही नसतात आणि वारस नोंद झालेली नसते. गावठाणाचा पुनर्विकास बहुतेक वेळा अडतो तो इथे, आणि इमारतींच्या उंचीला आळा घालण्यात वारसा हक्काच्या भांडणांचा वाटा नगररचना खात्यापेक्षा कमी नसतो.

गर्दीचे गणित वेगळेच आहे. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी आणि आगीत सुमारे ३०० भाविकांचा जीव गेला. अरुंद, उताराची वाट, निसरड्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंनी खेटून उभी दुकाने, यांमुळे माणसांना बाजूला सरकायला जागा राहिली नाही. तुळजापूरही उतारावर आहे, इथेही देवळाकडची वाट दुकानांतून जाते. इमारतीवर एक मजला चढला की यात्रेच्या दिवशी त्या गल्लीत आणखी काही डझन माणसे उतरतात. उंचीचा नियम गल्लीच्या वहनक्षमतेशी जोडलेला असावा, या म्हणण्याला तीर्थक्षेत्रात इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त वजन आहे.

धाराशिव जिल्ह्यात उंचीचा विचार करताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ केंद्र असलेल्या भूकंपाने उमरगा आणि लोहारा या बाजूची गावे जमीनदोस्त केली. सास्तूरसारख्या गावांची नावे तेव्हा जगभर गेली. तीव्रता साधारण ६.२, पण बळी हजारोंच्या घरात, कारण घरेच जीवघेणी ठरली. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांच्या आतबाहेरच्या दोन पदरांना एकमेकांशी बांधणारा आडवा दगड बहुधा नाही, आणि वर माळवद : लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी त्यात आणखी थोडी पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्पर काही टन वजनाचे झालेले असे. जमीन हलली तेव्हा भिंतींचे पदर फुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. घरे बहुतेक एकमजलीच होती. इमारत बुटकी असली की सुरक्षित असते, हा समज त्या पहाटे खोटा ठरला.

भूकंपाआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. पुनर्वसनात बांधलेली गावे मात्र जमिनीवर पसरली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे, रुंद रस्ते, मधे मोकळी जागा. जुन्या गावातले शेजार, बोळ आणि ओटे त्यात हरवले, गावाच्या एका टोकापासून दुसरे टोक लांब गेले. सुरक्षितता आडवी पसरून मिळवण्याची किंमत या गावांनी अशी मोजली. तुळजापूरच्या गावठाणात तो मार्गही मोकळा नाही, कारण पसरायला जागा नाही.

म्हणून इथे प्रश्न उरतो तो मजल्यांपेक्षा बांधणीचा. दाट वस्तीत नव्या इमारतीत पार्किंगची सोय करायची तर तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवणे सोपे पडते, आणि पार्किंगचा मजला उंचीच्या मोजमापातून काही प्रमाणात वगळला जात असल्याने विकासकाला तो सोयीचाही असतो. भूकंपात हाच मजला सगळ्यांत आधी मोडतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा खांबांवरच्या कितीतरी इमारती पडल्या, कारण वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला लवचीक होता. उंचीचा नियम जे मोजत नाही, ते भूकंप मोजतो. तळमजल्यावर काही भिंती काँक्रीटच्या करणे, खांबांचे सळईकाम जोडांपाशी दाट करणे, ही तांत्रिक उत्तरे आहेत. त्यांचा खर्च तीन मजली इमारतीत एकूण खर्चाच्या मानाने फार नसतो, पण लहान गावात ते काम समजून घेणारा गवंडी आणि तपासणारा अभियंता दोघेही लागतात.

पायाचाही अडसर आहे. पठारावर कुठे काही फुटांवर काळा पाषाण लागतो, कुठे मुरूम, तर कुठे काळी माती. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती हलक्या घरांच्या भिंतींना तडे घालते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. पाषाण लागला तर पाया भक्कम, पण तळघर महाग. शिवाय जुन्या मंदिराजवळ सुरुंगाने खडक फोडण्याचा विचारही करता येत नाही. २०२५ मध्ये मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना गाभाऱ्याच्या जुन्या दगडी बांधणीला तडे गेल्याचे समोर आले आणि शिखर उतरवून पुन्हा बांधावे लागेल का, यावर वाद झाला. अशा वास्तूच्या शेजारी तळघर खणणे म्हणजे तिच्या पायाखालची जमीन हलवणे. पार्किंग जमिनीखाली न्यावे, ही शहरी सूचना इथे टिकत नाही.

वारसास्थळांभोवतीच्या उंचीला कायद्याचे दोन वेगवेगळे आधार आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आली. राज्याच्या स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. ही अंतरे सपाट जमिनीचा विचार करून ठरवलेली आहेत. उतारावर शंभर मीटर हे फार वेगळे अंतर असते : वरच्या बाजूची इमारत दीडशे मीटरवर असली तरी आवारातून ती डोक्यावर आल्यासारखी दिसते, खालच्या बाजूची पन्नास मीटरवर असूनही दिसत नाही.

काही शहरांनी अंतराऐवजी दृष्टिरेषा धरली. लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या घुमटाचे दर्शन झाकू नये म्हणून १९३८ पासून भोवतालच्या इमारतींची उंची मर्यादित ठेवली जाते. कोल्हापुरात हेच तत्त्व सूर्यकिरणांच्या रूपाने आले. अंबाबाई मंदिरात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. किरणांच्या वाटेत घरांचे वरचे मजले, पाण्याच्या टाक्या आणि फलक आले की किरणोत्सव अर्धवट राहतो, म्हणून महापालिकेला ते अडथळे हटवावे लागले. इथे उंचीची मर्यादा एका तिरप्या रेषेने ठरते : मंदिरापासून जितके दूर, तितकी इमारत उंच चालेल. तुळजापूरला अशीच रेषा आखायची तर ती आवारातल्या भाविकाच्या डोळ्यापासून वरच्या काठाकडे आखावी लागेल आणि काठालगतच्या इमारतींना सर्वांत कडक मर्यादा घालावी लागेल. नेमक्या त्याच इमारतींचा बाजारभाव सर्वांत जास्त आहे.

मे २०२५ मध्ये चोंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजापूरच्या १८६५ कोटी रुपयांच्या तीर्थक्षेत्र विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. त्यातले सर्वांत गाजलेले काम १०८ फुटी शिल्पाचे, म्हणजे सुमारे ३३ मीटरचे. गावठाणातल्या घरांना १५ मीटर गाठता येत नाहीत तिथे ३३ मीटरची उंची चालते, याचे कारण सोपे आहे : शिल्पात कोणी राहत नाही, त्याला जिना आणि सुटकेचा मार्ग लागत नाही, त्याचा पाया आणि वाऱ्याचा भार एवढेच तपासायचे असते. डोळ्यांना मात्र गावाची नवी सर्वोच्च रेषा तीच दिसणार.

गावठाणासाठी निवड तीन मार्गांतून करावी लागते. पहिला रस्ता रुंद करण्याचा. वर हिशेबात घेतलेल्या प्लॉटसमोरची तीन मीटरची गल्ली ९ मीटरची करायची तर दोन्ही बाजूंच्या मालकांची तीन-तीन मीटर जागा जाते. म्हणजे क्षेत्राचे पंधरा टक्के, पण प्रत्यक्षात पूर्ण दुकान. मोबदला विकास हक्कांच्या रूपाने देता येतो. मोठ्या शहरात असे हक्क विकले जातात. लहान गावात ते विकत घेणारा विकासक सापडणे अवघड, कारण गावाबाहेर जमीन अजून स्वस्त आहे. त्यामुळे पुजारी आणि दुकानदारांचा आग्रह रोख मोबदल्याचा किंवा देवळाच्या वाटेवरच पर्यायी गाळ्याचा असतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग सगळे मोकळे करण्याचा. वाराणसीत काशी विश्वनाथ मंदिराभोवतीच्या तीनशेहून अधिक मिळकती घेऊन डिसेंबर २०२१ मध्ये मोठे आवार खुले झाले. उंचीचा प्रश्न तिथे इमारती काढूनच सुटला. पंढरपुरात तशाच योजनेला स्थानिकांनी जोरदार विरोध केला आहे. तिसरा मार्ग गर्दीचे काम बाहेर नेण्याचा. वाहनतळ, मोठे भक्तनिवास आणि रांगेचा मंडप गावठाणाच्या काठावर गेले की आतल्या इमारतींना उंच होण्याचे कारण कमी होते. तीन मजल्यांचा, रस्त्यावर उजेड ठेवणारा बाजार तसाच राहू शकतो. पुजाऱ्यांकडच्या मुक्कामाची परंपरा त्यात काही प्रमाणात पातळ होते. तरी उतार, पाषाण आणि गल्ली पाहता हाच मार्ग कमी तोडफोडीचा दिसतो.

यांपैकी काहीही करायचे तर एकीकृत नियमावलीत गावासाठी विशेष तरतूद हवी. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ वापरावे लागते. नगर परिषदेने फेरबदलाची नोटीस प्रसिद्ध करायची, एका महिन्यात हरकती आणि सूचना घ्यायच्या, सुनावणी करायची आणि प्रस्ताव शासनाच्या मंजुरीला पाठवायचा. रस्ता रुंदीकरणासाठी किंवा वाहनतळासाठी आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण रद्द होते. तशी जागा पुन्हा लगतच्या जागांचेच नियम लागू होऊन बांधायला मोकळी होते, आणि गल्ली तीन मीटरचीच असेल तर तिथे उभे राहतात तेच तीन मजले.